घरच्या घरी कयाक धुणं, आणि मुख्य म्हणजे वाळवणं

कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची निमुळती होडी, धुताना बहुतेक जण डोळ्यांना दिसतं तेवढंच धुतात. डेक, म्हणजे वरची बाजू, लखलखीत, कडेची चिखलाची रेघ घासून काढलेली, लांबून बघितलं तर बोट कालच घेतल्यासारखी. आत हात घातला की पुढच्या टोकाला मूठभर ओली रेव हाताला लागते. आमच्या घरात तीन कयाक आहेत: माझी जुनी प्लास्टिकची, नवऱ्याची फायबरची आणि भाच्याची हवा भरायची. धुण्याचं काम फिरून फिरून माझ्याकडेच येतं, त्यामुळे या बाबतीत माझी मतं जरा ठाम आहेत. बाहेरच्या चिखलाने कयाकचं फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते आत राहून गेलेल्या वाळूने, मिठाने आणि ओलीने. तेव्हा साबणावर थोडं आणि वाळवण्यावर बरंच बोलणार आहे.

निम्मं काम काठावरच

बोट गाडीवर चढवायच्या आधी, पाण्याच्या काठावरच, चिकटलेला झाडपाला उपटून काढायचा, आतलं पाणी तिथल्या तिथे ओतून टाकायचं आणि मोठी रेव झटकायची. गाडी घाण होऊ नये हा त्यातला छोटा फायदा. मोठं कारण वेगळं आहे.

झेब्रा शिंपला नावाचा एक नखाएवढा पट्टेरी शिंपला असतो, मूळचा काळा समुद्र आणि कॅस्पियनच्या भागातला. १९८८ मध्ये तो अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या सेंट क्लेअर तलावात सापडला. तिथवर तो मोठ्या जहाजांच्या बॅलास्टच्या, म्हणजे तोल सांभाळायला भरलेल्या, पाण्यातून आला, पण तिथून लांबलांबच्या तळ्यांत त्याला पोचवलं ते ट्रेलरवरून फिरणाऱ्या छोट्या होड्यांनी. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत आणि सीटखाली साचलेल्या पेलाभर पाण्यात खुशाल जगतात. न्यूझीलंडच्या नद्यांत २००४ साली डिडिमो हे एकपेशीय शेवाळ सापडलं. त्याला तर थेंबभर पाणीही पुरतं. जलपर्णीची गोष्ट आपल्याला नव्याने सांगायला नको. दक्षिण अमेरिकेतून निघून ती जगभर पसरली, आणि तिचा तुटका तुकडाही नवीन ठिकाणी मूळ धरतो. रडरच्या, म्हणजे मागच्या सुकाणूच्या, सांध्यात अडकलेली एक हिरवी काडी म्हणूनच मी काठावर बसून काढते. बरोबरचे लोक घाई करतात, करू देत.

आज एका तळ्यात आणि उद्या दुसऱ्या नदीत जाणार असाल, तर नुसतं धुऊन भागत नाही. बोट मधे पूर्ण कोरडी व्हायला हवी, आणि कोरडी झाल्यावरही काही दिवस तशीच ठेवली तर उत्तम. तेवढा वेळ नसेल तर कडकडीत पाणी वापरावं. झेब्रा शिंपल्यासाठी ६० अंश सेल्सियसचं पाणी सांगतात. हात भाजतो, हातमोजे घाला. हवेच्या बोटीवर एवढं गरम पाणी मी ओतत नाही, कारण तिचे जोड डिंकाने चिकटवलेले असतात.

बोट कशाची आहे?

साबण-ब्रश काय वापरायचा हे त्यावर ठरतं. सगळ्यात जास्त दिसतात त्या पॉलिइथिलीनच्या जाड प्लास्टिकच्या कयाक. या दणकट असतात, दगडावर घासल्या तरी कुरकुरत नाहीत. त्यांचा शत्रू म्हणजे उष्णता आणि ऊन. फायबरग्लास, कार्बन किंवा केवलारच्या बोटींवर जेलकोटचा थर असतो, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ती सगळी चमक त्या थराची. खरवडून काढला की परत येत नाही, म्हणून तिथे फक्त मऊ स्पंज. चकचकीत दिसणाऱ्या पण वजनाला हलक्या एबीएस प्लास्टिकच्या बोटींना सॉल्व्हंट चालत नाहीत. ॲसिटोन लावलंत तर पृष्ठभागच विरघळतो. वॉर्निश केलेली लाकडी बोट असेल तर पाणी, साबणाचे चार थेंब आणि संयम, याखेरीज काही नको.

तारेची घासणी, खरखरीत हिरवी घासणी आणि भांडी घासायची पावडर कुठल्याच कयाकला लावू नका. प्लास्टिकवरही नाही. ओरखडे पडले की पुढच्या वेळी शेवाळ त्या ओरखड्यांतच धरतं आणि मग आणखी जोरात घासावं लागतं.

सामान असं: बागेतला पाइप, दोन बादल्या, भांड्यांचा लिक्विड साबण, मऊ केसांचा लांब दांड्याचा ब्रश, मोठा स्पंज, जुना टूथब्रश, बाटली धुवायचा ब्रश आणि भरपूर सुती फडकी. बादल्या दोनच हव्यात. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं, स्पंज खळबळून घ्यायला. एकाच बादलीत काम केलं तर स्पंजमध्ये बसलेली रेव आपणच सगळ्या बोटीवर घासत फिरतो. पाइप नसेल तर अडून बसू नका, बादली आणि मगावर अख्खी बोट व्यवस्थित धुऊन होते, पाणीही कमी लागतं.

प्रेशर वॉशरबद्दल मला हटकून विचारतात. माझं उत्तर, नको. अगदीच वापरायचा असेल तर रुंद फवाऱ्याचं नोझल, कमी दाब आणि हातभर अंतर. त्या जोरात पाणी हॅचच्या, म्हणजे सामानाच्या कप्प्याच्या तोंडाच्या, रबराखाली, स्क्रूच्या भोकात, जोडांत घुसतं, आणि जे पाणी जोराने आत गेलं ते स्वतःहून बाहेर येत नाही. हवेच्या कयाकवर तर अजिबात नाही.

बोट ठेवायची सावलीत. दोन लाकडी घोडे, म्हणजे उभे टेकू, असतील तर त्यांवर जुनी चादर किंवा फोम टाकून, नाहीतर सरळ गवतावर. नुसत्या सिमेंटवर ठेवून फिरवाफिरवी केली की धुताना पडलेले चरे वल्हवताना पडलेल्या चऱ्यांपेक्षा जास्त होतात. घोड्यांवर असताना पाइप कॉकपिटमध्ये, म्हणजे बसायच्या पोकळीत, सोडून बोट काठोकाठ भरू नका. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि ते सगळं वजन दोन अरुंद टेकूंवर येतं. प्लास्टिकचा तळ तिथे हमखास दबतो.

आतून सुरुवात

पाणी सोडायच्या आधी कोरडी वाळू काढा. आतली वाळू वाळलेली असेल तर बोट पालथी करायची, तळावर तळहाताने थापट्या मारायच्या, मग एक टोक उचलून कॉकपिटच्या दिशेने ती झाडून आणायची. लहान व्हॅक्यूम क्लीनर असेल तर सोन्याहून पिवळं. त्याच वाळूवर आधी पाणी मारलंत तर ती टोकांना जाऊन बसते, जिथे हात पोचत नाही. वाळू ओली असेल आणि घाई नसेल, तर मी बोट तशीच वाळायला ठेवते आणि दुसऱ्या दिवशी सुरुवात करते.

मग जे निघतं ते सगळं काढायचं. सीट, पाठीचा टेका, हॅचची झाकणं, ड्रेन प्लग (पाणी काढून टाकायच्या भोकाचं बूच), आतल्या पिशव्या. सीटखाली काय काय सापडतं ते पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्का बसतो: पाल्याचा लगदा, गोगलगाई, एकदा तर जिवंत खेकडा, तोही रागावलेला.

आता पाय टेकवायच्या पट्ट्या. बोटीतली सगळ्यात दुर्लक्षित जागा हीच, म्हणून इथे जरा थांबते. आतल्या दोन्ही बाजूंना लांब पट्टी असते आणि तिच्यावर पेडल पुढेमागे सरकतं. पट्टीच्या दातांमध्ये वाळूचा एकेक कण बसतो, वर खारं पाणी वाळतं, आणि काही दिवसांनी पेडल जागचं हलत नाही. लोक मग लाथ मारतात. त्याऐवजी पेडल एका टोकाला सरकवा, उघड्या पडलेल्या भागावर कोमट पाणी ओता, टूथब्रश दातांमधून लांबीच्या दिशेने फिरवा, पुन्हा पाणी. मग पेडल दुसऱ्या टोकाला नेऊन राहिलेला भाग. पाण्याबरोबर करड्या रंगाची बारीक पेस्ट निघत राहते. पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबायचं नाही. तेल किंवा ग्रीस लावायचा मोह आवरा, वाळू त्याला आणखी घट्ट चिकटते.

पट्टीचे स्क्रूही बघा. स्टेनलेस स्टील गंजत नाही असं आपण धरून चालतो. पण त्यावरचा पातळ संरक्षक थर टिकायला ऑक्सिजन लागतो. स्क्रूचं डोकं आणि वॉशर यांच्या फटीत खारं पाणी कोंडलं की तिथे ऑक्सिजन पोचत नाही आणि नेमका तिथेच गंज धरतो. पट्टी ॲल्युमिनियमची असेल तर स्टीलच्या स्क्रूशेजारी ती झिजायला लागते, पांढरी पूड दिसते. दोन्हींवर उपाय एकच, समुद्रातून आल्यावर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर गोडं पाणी. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते पाणी आत आटलं तर मीठ कुठे जात नाही, बोटीतच राहतं.

मागच्या तळातून खाली सरकणारं पातं, म्हणजे स्केग, असेल तर बोट पालथी करून त्याच्या खाचेत पाइप धरा आणि पातं हाताने खालीवर करा. वाटाण्याएवढा एक खडा त्या खाचेत अडकला की पातं बाहेर येत नाही. डेकवरच्या दांड्याने जोर लावू नका, आतली तार दुमडते आणि मग खरं खर्चाचं काम निघतं. पात्याच्या टोकाला बारीक भोक पाडून दोरीचं छोटं कडं बांधून ठेवलं की अडकलेलं पातं दुसऱ्या माणसाला खालून ओढता येतं. रडर असेल तर त्याच्या सांध्यांना आणि तारांना असंच साधं पाणी.

वर बसायच्या कयाकमध्ये डेकपासून तळापर्यंत आरपार भोकं असतात. त्यांत बाटलीचा ब्रश घाला आणि गोल फिरवा. हे करताना भोकाच्या कडेला हाताचं बोट फिरवून तडा आहे का तेही चाचपा, ट्रॉलीवर नेताना तिथे ताण येतो. या प्रकारात लोकांना वाटतं बोट आतून बंद आहे, आत धुवायचं काय? बोट हलवून कान द्या. डुबुक आवाज आला तर आत पाणी आहे. हॅचमधून बादलीभर गोडं पाणी ओता, झोपाळ्यासारखी दोन्ही टोकं आळीपाळीने उचला आणि ड्रेन प्लगच्या भोकातून सगळं काढून टाका.

बाहेरून

इथे सांगण्यासारखं थोडंच आहे. आधी नुसत्या पाण्याने रेव वाहून जाऊ द्या, मग साबण. टोकापासून टोकापर्यंत, एका वेळी एक तृतीयांश भाग, आणि तो भाग साबण वाळायच्या आत धुऊन टाकायचा. आधी डेक, मग बोट उलटवून तळ. डेकवरच्या दोऱ्या आणि बंजी उचलून त्यांच्याखालून फडकं फिरवा. कॉकपिटच्या कडेची खालची वळलेली बाजू, जिथे स्प्रे स्कर्टचं (पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती घालायच्या झाकणाचं) रबर बसतं, तिथे बोटांनी फडकं दाबून पूर्ण फेरी मारा. सनस्क्रीनचे तेलकट पिवळे हात तिथेच उमटलेले असतात. डास पळवायच्या मलमात डीट असेल तर ते काही प्लास्टिकं आणि वॉर्निश मऊ करतं, म्हणून तसले डाग दिसल्याबरोबर धुवावेत.

हट्टी डाग

पाण्याच्या रेषेवरचा तपकिरी-हिरवट थर आणि जड पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरने जातात. व्हिनेगर आणि पाणी सारखंच घ्या, फडकं भिजवून डागावर पसरा, दहा मिनिटं राहू द्या, मग मऊ ब्रश. जेलकोटवर पडलेल्या गंजाच्या पिवळ्या डागांना ऑक्झॅलिक ॲसिड असलेला क्लीनर लागतो. हातमोजे घालून, डब्यावर लिहिलंय तेवढाच वेळ ठेवून धुऊन टाकायचा, आणि त्या जागी नंतर पुन्हा वॅक्स, कारण आधीचं वॅक्स निघून गेलेलं असतं.

डांबर किंवा झाडाचा चीक लागला असेल तर त्यावर थोडं खायचं तेल चोळा, चिकटपणा सुटला की साबणाने तेल काढा. जुनं स्टिकर हेअर ड्रायरने कोमट करून नखाने सोलायचं, उरलेला डिंक पॉलिइथिलीनवर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. पांढरे मेलामाइनचे स्पंज जादू केल्यासारखे डाग काढतात खरे, पण ते म्हणजे अतिशय बारीक सँडपेपर. जेलकोटवर एखाद्या काळ्या रेघेपुरते ठीक, अख्ख्या बोटीला नाही.

बुरशीसाठी लोक थेट ब्लीचची बाटली उचलतात. कडक प्लास्टिकच्या बोटीवर अगदी पातळ करून, थोडा वेळ, आणि भरपूर पाण्याने धुऊन, एवढंच चालतं. केवलारच्या बोटीला, निओप्रीनला (मऊ फोमसारख्या रबराला), दोऱ्यांना आणि सीटच्या कापडाला ब्लीच नकोच. केवलारचे धागे त्याने कमकुवत होतात. आणि ब्लीच व्हिनेगरमध्ये किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये चुकूनही मिसळू नका. पहिल्यातून क्लोरीन वायू निघतो, दुसऱ्यातून क्लोरामाइन, दोन्ही विषारी. एकावर एक वापरायचं असेल तरी मधे बोट पूर्ण धुतलेली असली पाहिजे. मी ब्लीच घरात ठेवते, पण कयाकच्या सामानात नाही.

प्लास्टिकच्या तळावर दगडाने चरा पडला की त्याच्या कडेला प्लास्टिकची तुसं उभी राहतात. त्यांत चिखल धरतो आणि बोट पाण्यात किंचित जड जाते. धारदार स्क्रेपर जवळजवळ आडवा धरून ती तुसं तासून काढायची, बाकी चरा तसाच राहू द्यायचा. प्रत्येक चरा भरायला निघालात तर वल्हवणार कधी?

हवेची कयाक

ही धुवायची ती फुगवलेल्या अवस्थेत, म्हणजे घड्या उघड्या राहतात. वॉल्व्हची झाकणं आधी घट्ट लावा. वॉल्व्हमध्ये वाळूचा एक कण गेला तरी हवा गळायला लागते. साबण लावून झाल्यावर लगेच धुऊन न टाकता जोडांवर आणि वॉल्व्हभोवती जरा निरखून बघा. बारीक बुडबुडे येत राहिले तर गळती सापडली, पेनाने खूण करून ठेवा. उन्हात वाळायला ठेवताना थोडी हवा सोडा, कारण तापलेली हवा फुगते आणि जोडांवर ताण येतो.

तिचा खरा त्रास तळ आणि बाजूची नळी यांच्या मधल्या खोबणीत असतो. तळ सुटा होत असेल तर काढाच. होत नसेल तर फडकं बोटाला गुंडाळून खोबणीत शेवटपर्यंत न्या. आमचा भाचा एकदा तासाभरात घडी घालायला निघाला होता. "आत्या, कोरडी झाली की! हात लावून बघ." मी हात लावला तो वरून नाही, त्या खोबणीत. बोटाला पाणी आणि पाल्याचा एक तुकडा. "अरे, ही अशीच पिशवीत भरलीस तर पुढच्या सुट्टीत पिशवी उघडायला मला बोलावू नकोस." पीव्हीसीवर, म्हणजे या बोटीच्या प्लास्टिकवर, बुरशीचे काळे ठिपके एकदा पडले की बुरशी मेली तरी ठिपके राहतात. कितीही घासा.

बाकीचं सामान

लाइफ जॅकेट गोड्या पाण्यात बुचकळून काढा, पिळू नका, सावलीत रुंद हँगरवर टांगा. हीटरजवळ ठेवलं तर आतला फोम बिघडतो. निओप्रीनचा स्प्रे स्कर्ट आधी उलटा वाळवायचा, मग सुलटा. दोन तुकड्यांचं वल्हं प्रत्येक वेळी सुटं करा आणि जोडाच्या आतबाहेर पाणी मारा. नाहीतर मीठ आणि वाळू मिळून तो जोड असा धरतात की दोन माणसं दोन टोकं ओढत बसतात.

वाळवणं

आता मुख्य काम. ज्यांनी कयाक शोधली, त्या ग्रीनलंडपासून अल्यूशियन बेटांपर्यंतच्या लोकांच्या बोटी लाकडी सांगाड्यावर ताणलेल्या सील, सी लायन अशा समुद्री प्राण्यांच्या कातड्याच्या असत. कातडं सतत ओलं राहिलं तर ते पाणी पितं, सैल होतं, कुजतं. म्हणून बोट पाण्याबाहेर काढून वाळवायची, कातड्याला चरबी चोळायची, हे काम बोट चालवण्याइतकंच नेमाचं होतं. आपल्या बोटी प्लास्टिकच्या झाल्या, त्या कुजत नाहीत, आणि त्यामुळेच आपण आळशी झालो. पण सीट, पट्टे, फोमचे आडोसे (आतल्या कप्प्यांच्या भिंती), रबरी झाकणं, स्क्रू यांना ओल अजूनही तितकीच खाते.

समुद्रावरून आलेल्या बोटीत तर मीठ धुऊन गेल्याशिवाय वाळवण्याला अर्थच नाही. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. सीटच्या कापडात मीठ राहिलं असेल तर ते दुपारी कोरडं लागतं आणि दमट रात्री पुन्हा ओलं. सीट वाळतच नाही अशी तक्रार कुणी केली की मी तिला पुन्हा गोड्या पाण्यात बुडवायला सांगते. एकदा जीभ लावून बघा, खारट लागली तर धुतलेलीच नाही.

पद्धत सोपी आहे, वेळखाऊ आहे. आधी स्पंजने हाताला लागेल तेवढं पाणी टिपायचं. मग एक टोक उंच करून ड्रेन प्लगच्या बाजूने पाणी निथळू द्यायचं, काही वेळाने दुसरं टोक. प्लग नसेल तर बोट कुशीवर कलती ठेवून कॉकपिटच्या कडेने. मग सुक्या फडक्याने आतून पुसायचं. टोकांना हात पोचत नाही म्हणून मी काठीला फडकं बांधते. सगळ्या हॅच उघड्या. त्यांत जुनी वर्तमानपत्रं चुरगाळून भरायची आणि काही तासांनी बदलायची, बंद कप्प्यांसाठी याच्याइतकं स्वस्त आणि चांगलं काही नाही. हवा दमट असेल तर कॉकपिटच्या तोंडाशी टेबलफॅन लावा, नुसतं ठेवून दिलं तर दोन दिवसांतही काम होत नाही.

झालं की नाही कसं कळणार? वास बघू नका, नाक फसतं. काठीच्या टोकाला कोरडा टिश्यू गुंडाळायचा, तो पुढच्या टोकापर्यंत, अगदी निमुळत्या भागात, दाबून मोजून दहा सेकंद धरायचा आणि बाहेर काढायचा. टिश्यूच्या कडा सुरकुतल्या, पारदर्शक झाल्या तर अजून ओल आहे. मागच्या टोकालाही तेच, आणि सीटच्या कंसांखालीही. तिन्ही ठिकाणी टिश्यू कोरा आला की बोट कोरडी.

वाळवायला भर उन्हात टाकायची का? हवेत उन्हाची ऊब असली तर चांगलंच, पण बोटीवर भर दुपारचं ऊन नको. सकाळचं ऊन, मग सावली. पॉलिइथिलीनची बोट दोन टेकूंवर तापत राहिली की तळाला खळगा पडतो. पडलाच, तर घाबरू नका. बोट पालथी ठेवून तळ उन्हात तापू द्या आणि आतून हलकेच दाबा, बरेचदा तळ आपला आपण पूर्ववत होतो.

शेवटचे हात

बोट कोरडी झाल्यावरच यूव्ही प्रोटेक्टंट, म्हणजे उन्हापासून जपणारा लेप, लावायचा, ओलीवर नाही. प्लास्टिकवर वॅक्स धरत नाही, म्हणून तिथे पाण्यासारखा फवारायचा प्रकार. फायबरच्या जेलकोटवर मरीन वॅक्स. पेट्रोलियम असलेलं काही हॅचच्या रबराला लावू नका, रबर फुगून बसतं. बसायची जागा आणि वल्ह्याची मूठ मात्र सोडा, घसरतात. लावायचं ते पातळ, फडक्याने पुसून घ्यायचं. जो थर चिकट राहतो तो फक्त धूळ गोळा करतो.

ठेवताना बोट कुशीवर किंवा रुंद पट्ट्यांवर टांगून, तळावर सपाट नाही. हॅचची झाकणं नुसती टेकवून, कारण बंद कप्प्यातली हवा तापली की फुगते आणि निवली की आकसते, आणि त्या ओढाताणीत रबर आणि आतले आडोसे सैल होतात. कॉकपिटवर जाळीचं कापड बांधलं की हवा खेळते आणि पाली, कोळी, गांधीलमाश्या बाहेर राहतात.

ड्रेन प्लग वाळवताना काढलेला असतो आणि लगेच परत लावायचा नसतो, त्यामुळे तो हरवायची हीच वेळ. मी तो सीटच्या पट्ट्याला हातभर दोरीने बांधून ठेवते, खिशात नाही, खिडकीच्या कट्ट्यावर तर नाहीच. पुढच्या वेळी बोट उचलली की तो डोळ्यांसमोर लोंबकळतो आणि लावला जातो. नवऱ्याने त्या दोरीला लाल रिबन बांधली आहे. बोटीला शोभत नाही, पण काढली नाही अजून.